पेट्रोलाची पारख

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहराच्या उत्तरेस शोलावरम् नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली. युद्ध संपले, विमाने निघून गेली. आणि 1953 साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाल्यानंतर ती पट्टी मोटारींच्या शर्यतींसाठी देशभर प्रसिद्ध झाली. शर्यतीच्या मोटारीला कोणते पेट्रोल मानवेल, हा प्रश्न अशा ठिकाणी पांडित्याचा राहत नाही. चुकीच्या निवडीची शिक्षा इंजिन तेथल्या तेथे देते.

ती शिक्षा म्हणजे ‘ठोका’. सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो, ठिणगी पडते आणि ज्योत क्रमाने पसरते. परंतु दाब व उष्णता यांचा अतिरेक झाला, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. हातोडीने धातू ठोकावा तसा आवाज येतो, आणि हे फार वेळ चालले तर दट्ट्याला भोकही पडते. मद्रासच्या उन्हाळ्यातील तप्त हवा या संकटाला हातभारच लावते. मोठ्या शक्तीसाठी मिश्रण अधिक दाबावे लागते. म्हणून वेगवान मोटारीला ठोक्याचे भय अधिक.

या ठोक्यावरचा उतारा अमेरिकेत सापडला. 9 डिसेंबर 1921 रोजी टॉमस मिजली या संशोधकाला असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलात अल्प प्रमाणात मिसळले की ठोका थांबतो. पुढे 1926 साली ग्रॅहम एडगर यांनी मोजमापही दिले. आयसो-ऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला शून्य अंक. 87 अंकाचे पेट्रोल म्हणजे 87 भाग पहिल्याचे व 13 भाग दुसऱ्याचे अशा मिश्रणाइतका ठोक्याला विरोध करणारे पेट्रोल. हा अंक शक्तीचा नव्हे, सहनशीलतेचा आहे. इंजिनाची रचनाच अधिक दाबाची असेल, तरच मोठ्या अंकाचे चीज होते. साध्या मोटारीत तेच पेट्रोल ओतणे म्हणजे टांग्याच्या घोड्याला शर्यतीच्या घोड्याचा खुराक घालणे होय. खर्च वाढतो, चाल वाढत नाही.

परंतु शिशाच्या उताऱ्याची किंमत जबर होती. 1924 साली न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करताना पाच कामगार मृत्युमुखी पडले. तरीही त्याचा प्रसार थांबला नाही. मोटारींच्या धुरातून शिसे जगभरच्या रस्त्यांवर उतरत राहिले, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव मुलांच्या वाढत्या मेंदूवर बसला. भारतात 1 एप्रिल 1995 पासून मद्राससह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झाले. शर्यतींनी त्यापूर्वीच शोलावरम् सोडले होते. 1990 साली श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथे नवा मार्ग तयार झाला होता.

शिसे गेल्यावर जुन्या मोटारींचे एक दुखणे उघड झाले. त्यांच्या झडपांच्या बैठकींना शिशाचा लेप झिजेपासून वाचवीत असे; तो आधार गेला, तेव्हा कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागल्या. आज पेट्रोलात मिसळले जाणारे इथेनॉल असाच प्रश्न विचारते. त्याचा ऑक्टेन-अंक उंच आहे, पण एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलाहून सुमारे एकतृतीयांशाने कमी. शिवाय जुन्या मोटारींच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. डिसेंबर 2020 मध्ये 100 अंकाचे पेट्रोलही भारतीय पंपांवर आले. त्याचे आकर्षण मोठे, पण ते पेलणारे इंजिन थोडे.

तेव्हा वेगवान मोटारीच्या धन्याने पंपावरील मोठ्या आकड्याकडे पाहण्यापूर्वी निर्मात्याची पुस्तिका उघडावी. इंजिनाला जे मानवते तेच पेट्रोल योग्य. आणि ज्या नगरीतून मोटार धावते तिच्या श्वासालाही ते मानवले पाहिजे, हे शिशाच्या इतिहासाने शिकविले आहे.