कंपवात : जागा की जाळे?

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांवरून कंपवाताचे वर्णन केले. मूळ मात्र त्यांनी मानेतल्या मज्जारज्जूत शोधले. 1919 मध्ये त्रेत्याकॉफ यांनी मध्यमेंदूतल्या काळसर पेशीपुंजाकडे बोट दाखवले, तर 1960 मध्ये एहरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी त्याच पेशी पुरवत असलेल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाची तूट मोजली. ती तूट भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने गुण येतो, तेव्हा दोष त्या एका जागेचाच, असे कोणी म्हणेल. पण 1990 च्या दशकात ग्रेनोबलला बेनाबीद यांनी भलत्याच, शाबूत केंद्राला विद्युत्स्पंदने दिली आणि ताठरता ओसरली. म्हणजे एका पुंजाच्या ऱ्हासाने केंद्राकेंद्रांतला संवादच बेताल होतो. जागा रोगाचा उगम सांगते. हालचालींतला बिघाड समजायला जाळेच पाहावे लागते.