ग्लासगोचें पाणी

स्कॉटलंडांतील ग्लासगो शहर एके काळीं क्लाइड नदीचें गढूळ पाणी पीत असे. १८५३-५४ च्या पटकीच्या साथींत तेथें जवळजवळ ४,००० माणसें दगावलीं. पुढें बेटमन या इंजिनियरानें डोंगरांतील लॉख कॅट्रिन सरोवराचें पाणी बोगद्यांतून शहरास आणिलें आणि १८५९ सालीं व्हिक्टोरिया राणीनें स्वहस्तें तो प्रवाह सोडला. १८६६ सालीं साथ पुन्हा आली तेव्हां अवघे ५३ बळी पडले. अशा पाण्याचा नगरवासीयांना अभिमान वाटावा यांत नवल तें काय?

परंतु हें पाणी फार मृदु; त्यांत चुन्याचा अंश जवळजवळ नाहीं. जड पाणी शिशाच्या नळाला आंतून पुटें चढवितें व त्याला झांकून टाकितें. मृदु आणि किंचित् आंबट पाणी उलट शिसें विरघळवून आपल्याबरोबर नेतें. ग्लासगोच्या दगडी चाळींतील नळ शिशाचे होते. माळ्यावरील कित्येक टाक्यांनाही आंतून शिशाचाच पत्रा असे. रात्रभर नळांत तुंबलेलें पाणी सकाळीं चहाच्या किटलींत पडे. त्याला ना रंग, ना वास.

शिसें घातक आहे हें कोणास ठाऊक नव्हतें असें नव्हे. शिशाच्या नळांपेक्षां मातीचे नळ बरे, असें रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस लिहूनच गेला होता. राणीनें पाणी सोडल्यास एक वर्ष होतें न होतें तोंच, १८६० सालीं, पॅरिसमध्यें कॉन्स्टांटिन पॉल या डॉक्टरानें छापखान्याचे खिळे तयार करणाऱ्या कामगार स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. गर्भपात आणि मृत जन्मलेलीं अर्भकें यांचीच ती कहाणी होती. पण तें कारखान्याचें दुखणें म्हणून गणलें गेलें. घरच्या नळाचा विचार मागें पडला.

श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, शिसें शरीरांत चुन्याचें सोंग घेऊन वावरतें. तें हाडांत वर्षानुवर्षें दडून बसतें, आणि गर्भाचीं हाडें घडविण्यासाठीं मातेचीं हाडें झिजूं लागलीं कीं पुन्हा रक्तांत उतरतें. वार त्याला अडवीत नाहीं.

१९७५ सालीं ग्लासगोच्या संशोधकांनीं बुद्धीची वाढ खुंटलेलीं ७७ मुलें व तितकींच इतर मुलें निवडलीं. त्यांच्या माता गरोदरपणीं ज्या घरांत राहत होत्या, तेथील पाणी तपासलें. पहिल्या गटाच्या घरीं शिसें अधिक आढळलें. पण आज तपासलेल्या पाण्यावरून तेव्हांचें रक्त कसें ओळखावें? त्याचें उत्तर कपाटांत पडून होतें. एका जन्मजात विकाराच्या तपासणीसाठीं तान्ह्या बालकांचे रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन जपून ठेविले जात. १९७७ सालीं ते वाळलेले थेंब तपासले, तों पुढें मंदबुद्धि ठरलेल्या मुलांच्या थेंबांतही शिसें अधिक निघालें. दारिद्र्य आणि जुने नळ बहुधा एकाच घरीं नांदतात. म्हणून सगळा दोष शिशाच्या माथीं मारणें धाडसाचें होईल. परंतु तें बालकाच्या रक्तांत जन्मापासून होतें, हें त्या टिपकागदांनीं दाखविलें.

१९७८ सालीं पाण्यांत चुना मिसळण्यास आरंभ झाला आणि गरोदर स्त्रियांच्या रक्तांतील शिसें उतरलें. १९८९ पासून फॉस्फेटही घालूं लागले. पुष्कळ घरांतून नळ मात्र तेच राहिले.