गोरे-घारे आणि स्वभावाची नोंद

१८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये कोकणातल्या चित्पावन ब्राह्मणांचे वर्णन आहे. गोरे, देखणे, काहींचे डोळे घारे. त्याला लागूनच स्वभावाची जंत्री येते: काटकसरी, धडपडे, हुशार, धोरणी, आत्मविश्वास दांडगा आणि वरचढपणा करणारे. कातडीचा रंग आणि मनाचे गुण एकाच नोंदीत बसवायचे, ही त्या काळच्या साहेबी अंमलदारांची रीतच होती. घाऱ्या डोळ्यांचा माणूस आतल्या गाठीचा, हा समज मात्र साहेबाने आणलेला नाही. तो मराठी घरांतलाच.

या गुणांची कारणे डोळ्यांच्या रंगात शोधायची गरज नाही. कोकणातल्या कातळाच्या जमिनीवर पोट भरत नसे, त्यामुळे काटकसर आणि घाट चढून जाणे दोन्ही नशिबी आले. १७१३ मध्ये श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाल्यावर लिहिता-वाचता येणाऱ्या कोकणी तरुणांना दप्तरात कामे मिळू लागली. वरचढपणा आला असेल तर तो त्या सत्तेतून.

रूपाचा फटका बसल्याचे उदाहरणही रत्नागिरी जिल्ह्यातले. समाजसुधारक धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेले. सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. परीक्षेला सतरा वर्षांची अट होती. समोरचा किरकोळ अंगाचा मुलगा तेवढा दिसत नाही, म्हणून त्याला बसू दिले नाही. एवढी पायपीट करून आलेला मुलगा तसाच परतला आणि पुढे कोल्हापूर केंद्रातून पास झाला. आपण स्वभावाने भिडस्त असल्याचे कर्व्यांनीच लिहून ठेवले आहे. ही भीड अशा प्रसंगांनी वाढली की मुळातलीच, हे त्यावरून ठरत नाही.

दिसण्यामुळे वागणे कसे बदलते, याचे उत्तर १९७७ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी टेलिफोनवर शोधले. पुरुषांच्या हाती एकेका तरुणीचा फोटो दिला, कुणाला देखणीचा, कुणाला सामान्य रूपाचा. फोनवर बोलणारी स्त्री वेगळीच होती आणि तिला फोटोची कल्पना नव्हती. तरीही जिला देखणी समजून पुरुष बोलले, ती अधिक मोकळेपणाने आणि आपुलकीने बोलू लागली. रूप कागदावर होते. फरक पडला तो समोरच्याच्या बोलण्याने.

शरीरावरून गुण ठरवण्याचा प्रश्न कर्व्यांच्या घरातही पोचला. चित्पावनांवरच एम. ए.चा प्रबंध लिहिणाऱ्या इरावती कर्वे या धोंडो केशवांच्या सूनबाई. पुढे बर्लिनमध्ये त्या मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात दिसते का, हा त्या संशोधनाचा प्रश्न होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले.