बिनतेलाचा हिशेब

जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणजे बडासाब, आणि बडासाबचा जीव एका आकड्यात अडकलेला: कालच्या दुपारपासून आजच्या दुपारपर्यंत तेल किती जळलं? आमच्या बल्क कॅरिअरला दिवसाला चाळीसेक टन लागायचं. केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेला अल्बाट्रॉस तासन्‌तास आमच्या मागे असायचा, तोही पंख न हलवता. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत. मला त्याचा हेवा वाटायचा.

या पक्ष्याला मारणं अपशकुनी, ही समजूत इंग्रज कवी कोलरिजच्या १७९८ सालच्या कवितेने जगभर नेली. प्रत्यक्षात शिडाच्या जहाजांवर त्याला सर्रास पकडत. त्रिकोणी पोकळ पत्र्याला खारवलेलं मांस बांधून दोर मागे सोडायचा. वाकडी चोच त्रिकोणाच्या कोपऱ्यात अडकली की ओढायला लागायचं. दोर जरा सैल पडला की पक्षी सुटला. पायांच्या पडद्यांच्या तंबाखूच्या पिशव्या व्हायच्या, पंखांच्या पोकळ हाडांच्या पाइपसाठी नळ्या. मला यात क्रौर्यापेक्षा महिनोन्‌महिन्यांचा कंटाळा जास्त दिसतो.

झां-मारी ल ब्री हा ब्रिटनीचा दर्यावर्दी मात्र वेगळ्या डोक्याचा. त्याने मेलेल्या अल्बाट्रॉसचा पंख वाऱ्यात धरून पाहिला आणि तो वर ओढला जातोय असं त्याला हाताला जाणवलं, असं सांगतात. १८५६ मध्ये त्याने त्याच घाटाचं ग्लायडर बांधलं आणि समुद्रकिनाऱ्यावर घोडागाडीला बांधून हवेत उचललं. पुढच्या एका प्रयत्नात पाय मोडून घेतला. माणूस इंजिनरूममध्ये शोभला असता!

पंख न हलवता पक्षी उडतो कसा, याचं उत्तर कागदावर मांडलं ते भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी, १८८३ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात. त्या चर्चेला खाद्य मिळालं आसामातून: तिथल्या एस. ई. पील यांनी मोठे पक्षी पंख न हलवता गिरक्या घेत वर चढताना पाहिले होते. रॅलेंचं म्हणणं सरळ होतं. पंख न हलवता पक्षी उडत राहिला, तर एकतर तो खाली येतोय, किंवा वारा आडवा नाही, किंवा वारा सगळीकडे सारखा नाही. अल्बाट्रॉसचं गुपित तिसऱ्यात आहे. पाण्यालगत लाटांच्या घर्षणाने वारा मंद असतो, थोडं वर जोरात. पक्षी वाऱ्याला तोंड देत चढतो. वर जावं तसा वारा वाढतो आणि हवेच्या तुलनेत पक्ष्याचा वेग टिकून राहतो. मग वळायचं, वाऱ्याबरोबर खाली झेपावायचं, लाटेजवळ पुन्हा वळायचं. एक फेरा दहा-पंधरा सेकंदांचा. पंख पसरून धरायला स्नायूंना फारसे कष्टही नाहीत. खांद्यातली कंडराच पंख अडकवून ठेवते.

जुव्हॅन्तँ आणि व्हायमर्स्कर्श या शास्त्रज्ञांनी क्रोझे बेटांवरच्या अल्बाट्रॉसवर उपग्रहाने पाळत ठेवली आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा अन्नशोधाच्या एकेका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर अंतर निघालं. पुढे हृदयाचे ठोके मोजले, तर उडतानाचे ठोके घरट्यावर बसलेल्या पक्ष्याच्या ठोक्यांहून थोडेच जास्त! खरा खर्च पाण्यावरून उड्डाण घेताना.

आणि वारा पडला की हा गडी पाण्यावर बसून राहतो, शिडाच्या गलबतासारखाच. म्हणूनच त्याच्या बहुतेक जातींचा संसार दक्षिणेच्या वादळी पट्ट्यात. विषुववृत्ताजवळच्या वारा पडलेल्या पाण्याचा अडसर ओलांडून तो सहसा इकडे येत नाही. त्यामुळे आमच्या कोकणच्या खलाशांना तो भेटायचा, तो थेट केपच्या वाटेवरच.