एरंडोल मतदारसंघ व निवडणूक-चिन्हांचा प्रभाव

निवडणुकीच्या जाहिरातीचें मोल ठरविण्याची एक सोपी रीत लोकांत रूढ आहे. जो पक्ष निवडून आला त्याचें चित्र बोलकें व घोषणा मार्मिक. जो पडला त्याची जाहिरात फसली. हें अनुमान पुराव्यास कितपत उतरतें, हें एरंडोलच्या जुन्या लोकसभा-मतदारसंघावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. 2008 सालच्या पुनर्रचनेंत हा मतदारसंघ नाहींसा होऊन एरंडोल तालुका जळगांव मतदारसंघांत गेला. त्यामुळें त्याचें दफ्तर आतां मिटलें आहे, ही संशोधकास सोईचीच गोष्ट होय.

प्रथम चिन्हांच्या उत्पत्तीकडे पाहूं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचें चिन्ह लाविलेलें असे. मतदारानें शिक्का वगैरे कांहीं न मारतां आपला कागद इष्ट पेटींत टाकावयाचा. बहुसंख्य मतदार निरक्षर असल्यामुळें ही योजना करावी लागली. काँग्रेसला बैलजोडी मिळाली, जनसंघाला पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती. चिन्ह हें मूळचें ओळखीचें साधन, मन वळविण्याचें नव्हे. परंतु थोड्याच काळांत तेंच भिंतींवर, बिल्ल्यांवर व पत्रकांवर चढून प्रचाराचें मुख्य अंग बनलें.

आतां पोळ्याच्या दिवशीं बैलांची पूजा करणाऱ्या खानदेशच्या कापूसपट्टीत बैलजोडीहून अधिक सोईचें चित्र कोणतें असूं शकेल? चित्रानेंच मतें मिळावयाचीं असतीं तर येथें काँग्रेसला पराभव ठाऊक नसता. पण 1957 सालीं शेजारच्या धुळें मतदारसंघांतून जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मणराव पाटील पणतीवर निवडून आले. त्या वर्षीं साऱ्या देशांत जनसंघाचे अवघे चार उमेदवार लोकसभेंत गेले, त्यांपैकीं हे एक. कारण उघड आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नानें मुलूख पेटला होता, आणि समितीच्या घटकपक्षांनीं आपापलीं निरनिराळीं चिन्हें घेऊन ती निवडणूक लढविली. चित्रें अनेक, मागणी एक.

एरंडोलचा पुरावा याहून नेमका आहे. 1969 च्या फुटीनंतर बैलजोडी गोठविली गेली व इंदिरा गांधींच्या काँग्रेसनें 1971 सालीं गाय-वासरू हें नवें चिन्ह घेतलें. या नव्या चिन्हावर एरंडोलांत कृष्णराव पाटील विजयी झाले. 1977 सालीं तेंच गाय-वासरू, एव्हांना चांगलें परिचयाचें झालेलें, येथें पडलें आणि जनता पक्षाचे सोनूसिंग पाटील निवडून आले. त्यांचें चिन्ह चक्रांतील नांगरधारी शेतकऱ्याचें होतें. 1980 सालीं काँग्रेसनें पुन्हां तिसरें चिन्ह, हाताचा पंजा, पुढें केलें. विजयकुमार नवल पाटील निवडून आले. 1989 सालीं तोच पंजा हरला आणि जिंकले तें उत्तमराव पाटीलच, मात्र आतां पणतीऐवजीं कमळावर. म्हणजे जुनें चिन्ह हरतें, नवें जिंकतें, एकच चिन्ह दोन्ही करतें, आणि एकच पुढारी दोन चिन्हांवर निवडून येतो. चिन्हाची ओळख थोड्या आठवड्यांत करून देतां येते. तें काम झालें कीं चिन्हाचें काम संपलें.

गाय-वासराचें उदाहरण आणखी एका कारणानें विचारणीय आहे. 1971 सालीं ज्या चित्रांत लोकांना गोठ्यांतील वात्सल्य दिसलें असेल, त्यांतच आणीबाणीनंतर विरोधकांनीं आई व मुलगा, म्हणजे इंदिरा गांधी व संजय गांधी, दाखवून थट्टा केली. चित्राची एक रेघही बदलली नव्हती. बदलला होता तो पाहणारा. मधल्या काळांत सक्तीची नसबंदी व तुरुंगवास यांचा अनुभव त्याच्या पदरीं आला होता. ज्यांना चित्रें दाखवून भुलवितां येतें असें म्हटलें जातें, त्या निरक्षर माणसांवर हा आरोप किती अन्यायाचा आहे, हें यावरून कळावें.

पुढें जाहिरात धंदेवाईकांच्या हातीं गेली, तरी न्याय तोच. 1984 सालीं काँग्रेसनें वर्तमानपत्रांतील जाहिराती रिडिफ्युजन या संस्थेकडून करून घेतल्या. त्या वर्षींचा विजय त्या जाहिरातींचा, कीं 31 ऑक्टोबरच्या हत्येनें उसळलेल्या शोकाचा, हें निकालावरून वेगळें काढतां येत नाहीं. 2004 सालीं ‘इंडिया शायनिंग’ फसली असें सर्वत्र बोललें गेलें. त्याच निवडणुकींत एरंडोलनें भाजपचे एम. के. पाटील यांना निवडून दिलें. दिल्लीचें अनुमान एरंडोलला लावतां येत नाहीं तें असें.

तेव्हां जाहिरातीची परीक्षा करावयाची तर निकालापाशीं आरंभ न करितां पत्रकापाशीं करावा लागेल: तें कोणीं छापविलें, केव्हां वांटलें, आणि लोक त्या वेळीं काय बोलत होते. भिंतीवरील चित्रें चुन्याखालीं गेलीं. पण 1961 सालीं लोकप्रतिनिधित्व कायद्यांत 127-अ हें कलम घातलें गेलें, तेव्हांपासून प्रत्येक निवडणूक-पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते असणें बंधनकारक आहे. शिवाय जिल्ह्यांत छापलेल्या पत्रकाची एक प्रत, प्रकाशकाच्या सहीच्या घोषणापत्रासह, मुद्रकानें जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाची असते. एरंडोलच्या बाबतींत हा शोध जळगांवच्या दफ्तरापासून, व त्याबरोबरच तालुक्यांतील जुन्या छापखान्यांच्या हिशेबवह्यांपासून सुरूं व्हावयास हवा.