तळटीप : लिनक्सचे ‘हौशी’ कारागीर

* लेखकाने येथे लिनक्सला ‘हौशी मंडळींनी फावल्या वेळात उभारलेली प्रणाली’ म्हटले आहे. हे वर्णन सुरुवातीच्या काळापुरते खरे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपले काम जाहीर केले, तेव्हा त्याच्या लेखी तो निव्वळ छंद होता. पुढल्या दशकात चित्र पालटले. २००१ साली लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करू, असे आयबीएमने जाहीर केले. रेड हॅट, इंटेल या कंपन्यांनीही कर्नलवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर, काम करणारी माणसे पगारावर ठेवली. लिनक्स फाउंडेशनच्या २०१५ च्या अहवालानुसार कर्नलचे ८० टक्क्यांहून अधिक काम पगारी प्रोग्रामरांचे होते. खुद्द टोरवाल्ड्सही २००३ पासून पूर्णवेळ याच कामाच्या पगारावर आहेत.

कंपन्यांच्या या खर्चात दानत कमी, हिशेब जास्त. नव्या चिपचा ड्रायव्हर (ती चिप प्रणालीशी जोडून देणारा कोड) कंपनीने स्वतःपाशीच ठेवला, तर कर्नलच्या दर आवृत्तीबरोबर तो पुन्हा दुरुस्त करत बसावे लागते. तोच मुख्य कर्नलमध्ये गेला, की आतली रचना बदलणाराच त्यातही आवश्यक तो फेरफार करून देतो. मात्र पगार कोणाचाही असो, कोड घ्यायचा की नाही हे कर्नलच्या त्या त्या विभागाची देखरेख करणारा मेंटेनर ठरवतो. आणि त्याने नोकरी बदलली तरी ती जबाबदारी बहुधा त्याच्याकडेच राहते. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन हे लिनक्सवर आधारलेले वितरण मात्र आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते, लेखकाच्या मनात कदाचित तेच असावे. — संपा.