हेराला तुमच्यात रस नाही

पिंपरी-चिंचवडमधल्या कोणत्याही कंपनीच्या कँटीनमध्ये एक सिद्धान्त हमखास ऐकू येतो: मोबाइल आपले बोलणे चोरून ऐकतो. काल रात्री घरी फ्रिज बदलायचा विषय निघाला आणि आज कंपनीच्या बसमध्ये बसतो न बसतो तोच फ्रिजची जाहिरात हजर. प्रत्येकाकडे असा एखादा स्वानुभव असतोच, आणि स्वानुभवापुढे युक्तिवाद लंगडा पडतो. हाच गृहस्थ लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो. त्याच लॅपटॉपवर कुठूनतरी मिळवलेले क्रॅक केलेले कॅड सॉफ्टवेअरही चालवतो. ते बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना होती आणि ती त्याने निमूटपणे पाळलेली असते. त्याबद्दल छेडले तर उत्तर ठरलेले: ‘‘अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’’

फाजील भीती आणि फाजील निर्धास्तपणा एकाच डोक्यात असे गुण्यागोविंदाने नांदतात, याचे कारण दोहोंचे मूळ एक आहे. हेर म्हणजे कोणीतरी माणूस, आणि त्याला माझ्याविषयी कुतूहल आहे किंवा नाही, यावर सगळे अवलंबून आहे, असे दोन्ही मतांत गृहीत धरलेले असते. कुतूहल आहे, म्हणून तो माझे बोलणे ऐकतो; कुतूहल नाही, म्हणून माझ्या वर्कशॉपकडे फिरकत नाही. हे गृहीतकच मला अमान्य आहे. हेरगिरीच्या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा तुमच्यात काडीचाही रस नसतो. तुमच्या बिलात असतो.

पण आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. मोबाइल ऐकतो हे मत अगदीच हवेतले नाही. अमेरिकेतल्या कॉक्स मीडिया ग्रुपने आपल्याकडे ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ नावाची सोय असल्याची फुशारकी जाहिरातदारांपुढे मारली होती. २०२४ मध्ये तिचे सादरीकरण पत्रकारांच्या हाती लागल्यावर गूगलने त्या ग्रुपला आपल्या भागीदारांच्या यादीतून काढून टाकले. सिरी न बोलावता जागी होते आणि खासगी संभाषणे टिपते, या दाव्यात ॲपलने २०२५ च्या सुरुवातीला साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली. दोष मात्र कबूल केला नाही. म्हणजे संशयाला जागा आहे.

तरीही संशय म्हणजे सिद्धता नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना सापडले नाही. सापडले ते निराळेच: काही ॲप वापरणाऱ्याच्या स्क्रीनचे चित्रण करून तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होती. ज्याची भीती सगळ्यांना होती ते तिथे नव्हते, आणि जे होते त्याची भीती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. या सगळ्या वादातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग, आणि नेमका तोच कँटीनमध्ये कोणी सांगत नाही.

मग फ्रिजची जाहिरात आली कशी? तिचे कारण फार रुक्ष आहे. घरात कोणीतरी त्याच वायफायवर फ्रिजच्या किमती पाहिलेल्या असतात, आणि एका जोडणीवरच्या फोनांची सांगड घालणे हा जाहिरातवाल्यांचा रोजचा धंदा आहे. शिवाय सणासुदीच्या तोंडावर फ्रिजच्या जाहिराती सगळ्यांनाच दिसतात. महिनाभर त्या नजरेखालून गेल्या तेव्हा लक्ष गेले नाही. विषय निघाल्यावर गेले. ऐकल्याशिवायच जर इतके कळते, तर ऐकण्याचा खटाटोप कोण कशाला करील? माझ्या मते ही गोष्ट ऐकण्यापेक्षा अधिक गंभीर आहे. पण तिच्यात थरार नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही.

आता दुसरे मत. त्याचे खंडन करायला भोसरी एमआयडीसी पुरेशी आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, आठ-दहा माणसे आणि कोपऱ्यात पार्टिशन घालून केलेले ऑफिस, असे वर्कशॉप तिथे गल्लोगल्ली भेटते. ऑफिसात एकच कॉम्प्युटर. त्यावर टॅली, जीएसटी, बँक, मेल आणि चाकणच्या मोठ्या व्हेंडरने पाठवलेली ड्रॉइंग, सगळे नांदते. विंडोज कधीचे आहे हे विचारू नये. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ मध्ये रामराम ठोकला. मशिनशी जोडलेले जुने सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही म्हणून ते तसेच राहते, आणि हे कारण खोटे नसते.

अशा ठिकाणी सकाळी मेल येतो: परचेस ऑर्डर जोडली आहे, दर आजच कळवा. जोडलेली झिप उघडली की आत एक फाइल दिसते. नाव पीओ आणि पुढे काही आकडे, शेजारी पीडीएफचे लाल चित्र. विंडोज आपणहून फाइलच्या नावाचे शेपूट लपवते, त्यामुळे ‘पीडीएफ’ या अक्षरांनंतर ‘ईएक्सई’ आहे हे दिसतच नाही. मात्र त्याच खिडकीत उजवीकडे ‘टाइप’ असा रकाना असतो आणि त्यात ‘ॲप्लिकेशन’ असे सरळ लिहिलेले असते. चोराने स्वतःचे नाव-गाव सांगितलेले असते. त्या रकान्याकडे बघण्याची सवय मात्र कोणाला नसते. डबल क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही. ‘फाइल खराब दिसतेय’ म्हणून माणूस पुढच्या कामाला लागतो.

एजंट टेस्ला नावाचे एक हेर-सॉफ्टवेअर २०१४ पासून बाजारात आहे आणि या वाटेने येण्यात त्याचा हातखंडा आहे. ते दाबलेली प्रत्येक कळ टिपते, ब्राउझरने आणि मेलच्या सॉफ्टवेअरने जपून ठेवलेले पासवर्ड उचलते, स्क्रीनची छायाचित्रे काढते आणि हा ऐवज साध्या ईमेलने किंवा टेलिग्रामवरून धन्याकडे रवाना करते. धन्याला भोसरी कुठे आहे हेही ठाऊक नसते. त्याने तोच मेल जगभर हजारो पत्त्यांवर टाकलेला असतो, आणि आमिष म्हणून परचेस ऑर्डर निवडण्याचे कारण उघड आहे: ऑर्डरची वाट पाहत नाही असा कारखानदार पृथ्वीवर नाही. पासवर्ड हाती लागला की पुढचा माणूस शांतपणे मेल वाचत बसतो. कुठले बिल कधी निघणार, पैसे किती दिवसांनी येतात, हिशेबनिसाची लिहिण्याची ढब काय, हे त्याला समजते. पैसे यायच्या दोन दिवस आधी तुमच्याच पत्त्यावरून ग्राहकाला मेल जातो: आमचे बँक खाते बदलले आहे. ‘चोरण्यासारखं आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. चोरण्यासारखा होता तो ग्राहकाचा विश्वास, आणि तो ड्रॉइंगपेक्षा महाग पडतो.

निर्हेतुक शिरकावाचे सर्वांत मोठे उदाहरण तर याच पट्ट्यातल्या लोकांना समजेल असे आहे. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हवरून पसरत होता आणि सीमेन्सचे पीएलसी प्रोग्रॅम करण्याचे सॉफ्टवेअर शोधत होता. सिमँटेकच्या तेव्हाच्या मोजणीत लागण झालेल्या कॉम्प्युटरांत इराण आणि इंडोनेशियाच्या खालोखाल भारत होता, आठ टक्क्यांच्या आसपास. त्या कॉम्प्युटरांचे काय झाले? जवळजवळ काहीच नाही. त्याला हवी होती ती इराणमधल्या नतांझच्या सेंट्रिफ्यूजची विशिष्ट मांडणी. ती न दिसल्यास तो हात लावत नव्हता. त्याच सुमारास इन्सॅट-४बी या उपग्रहात बिघाड झाला होता, तो स्टक्सनेटमुळेच असावा असा तर्क एका परदेशी लेखकाने लढवला आणि आपल्याकडे खळबळ उडाली. इस्रोने तो फेटाळला. आकाशातल्या उपग्रहाची चिंता आपण हिरिरीने वाहिली. ज्या पेन ड्राइव्हवरून तो कीटक देशभर हिंडला, ते मात्र पुढेही मशिन-शॉपमध्ये या हातातून त्या हातात फिरतच राहिले.

इथे चिकित्सक वाचक आडवा येईल, आणि त्याने यावेच. नेमक्या माणसावर पाळत ठेवल्याची उदाहरणे आहेत की! पुण्यातल्या एल्गार परिषद प्रकरणाचेच घ्या. त्यातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने तपासली. तिच्या २०२१ च्या अहवालानुसार जून २०१६ मध्ये ओळखीच्या व्यक्तीच्या ईमेल खात्यावरून एक फाइल उघडण्याचा आग्रह झाला, ती उघडताच नेटवायर नावाचे हेर-सॉफ्टवेअर आत आले, बावीसएक महिने राहिले आणि पुढे पुरावा ठरलेली कागदपत्रे त्याच्याकरवी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे आणि माझा अधिकारही नाही.

आक्षेप मी मान्य करतो, पण त्याने माझे मत ढळत नाही. हेतू असामान्य असेल. वाट कोणती होती? ओळखीचे नाव, जोडलेली फाइल, एक क्लिक. आणि हत्यार? नेटवायर वेबसाइटवरून उघडपणे विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने ती साइट ताब्यात घेतली आणि क्रोएशियात तिच्या चालकाला अटक झाली. भोसरीच्या वर्कशॉपकडे येणारी वाट आणि ही वाट एकच. क्लिकसुद्धा न लागणारे पेगाससही आहे, पण ते महागडे अस्त्र असून सरकारांनाच विकतो असे ते बनवणारी कंपनी सांगते. ज्याच्यावर ते रोखले जाते त्याने तज्ज्ञाकडेच जावे. बाकीच्यांनी पेगाससच्या नावाने हातपाय गाळून बसणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे.

‘मग चांगला अँटिव्हायरस घेतो’ हे उत्तर मी अर्धेच मान्य करीन. ज्या पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी भावाच्या साथीने क्विक हील उभी केली, तिथे अँटिव्हायरसची टिंगल करणे बरे नव्हे. पण क्रॅक बसवण्यासाठी मालकच जो बंद करतो, त्याने रक्षण कोणाचे करायचे?

उपाय या पट्ट्याला मुळात माहीत आहे. तो फक्त शॉप फ्लोअरवरून ऑफिसात आलेला नाही. टोयोटाचे सल्लागार शिगेओ शिंगो यांनी रूढ केलेला पोका-योके इथला साधा ऑपरेटरही जाणतो: पार्ट उलटा बसूच नये अशी फिक्स्चर करा, ‘नीट लक्ष द्या’ असे फलक लावू नका. भीती हा असाच एक फलक आहे. फिक्स्चर म्हणजे फाइलच्या नावाचे शेपूट दिसू देणे. रोजचे काम ॲडमिन नसलेल्या खात्यावर करणे. बँकेसाठी वेगळा कॉम्प्युटर, जुना चालेल पण त्यावर मेल नको. ब्राउझरला पासवर्ड न सांगणे. मेलला फोनवरच्या कोडची दुसरी कडी घालणे. आणि बँकेतून पैसे सोडताना एकाने भरायचे, दुसऱ्याने मंजूर करायचे. यातल्या बहुतेकांना खर्च नाही. चिकटपट्टी राहू दे, तिचे वावडे नाही.

राहता राहिला प्रश्न, हे करणार कोण? मोटार उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात आपत्कालीन योजनेच्या कलमात सायबर-हल्ल्याचाही समावेश आहे. चाकण-म्हाळुंगेकडच्या कितीतरी कारखान्यांत हे प्रमाणपत्र रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले असते, म्हणजे तशी फाइल कपाटात असणारच. ऑडिटच्या आदल्या दिवशी ती निघेल तेव्हा एवढेच पाहावे: ग्राहकाचे किंवा पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा मेल आला, तर कोणी, कोणाला, कोणत्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, हे तिच्यात लिहिले आहे का.